कल्याणी ते तंजावर: भावाभावांच्या दोन लढाया

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की वाटेत वळसंग गाव येते. दोन्ही अंगांना काळी जमीन, थंडीच्या दिवसांत तीत डोलणारी शाळू, आणि माणसांच्या तोंडी मराठीबरोबर कानडी. या मुलखात, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकरी गावात, आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारी वस्तू म्हणजे शेताचा बांध. हातभर उंचीचा मातीचा वरंबा तो. पण बापाच्या हयातीत बहुधा तो तेथे नसतो. बाप जातो, मुले वेगळी होतात, आणि एका शेताच्या मधोमध तो उभा राहतो. मग दरसाल नांगरटीच्या वेळी कोणी तो वीतभर कोरतो, दुसरा पाहतो आणि गप्प बसतो. विहिरीच्या पाण्याची पाळी चुकते, तोही गप्प बसतो. आईच्या अंगावरच्या पाटल्या कोणाकडे गेल्या हे घरात सर्वांना ठाऊक असते, पण उच्चार कोणी करीत नाही. अशी दहा-पंधरा वर्षे जातात आणि एके दिवशी क्षुल्लक शब्दावरून कुऱ्हाड बाहेर निघते. गाव म्हणते, "एवढ्याशा बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले!"

आमचे म्हणणे असे की, भांडण बांधासाठी झालेले नसते. बांध हे निमित्त. भांडण त्या पंधरा वर्षांच्या गप्प बसण्याचे असते. आणि हे केवळ कुणब्याच्या घरी घडते असेही नाही. ज्या मुलखात वळसंग आहे, त्याच मुलखावर राज्य करणाऱ्या घराण्यात नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी हेच घडले, आणि आपल्या वाटण्या ज्या ग्रंथाच्या आधाराने होत आल्या, तो ग्रंथ त्याच घराण्याच्या राजधानीत लिहिला गेला. ती हकीकत आधी सांगू.

त्या काळी हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. वळसंगपासून पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर. वळसंग ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, त्याच तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तेथील देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख सापडला. मराठी भाषा दगडावर उमटत होती, तेव्हा या भूमीचे धनी हे चालुक्य होते.

या घराण्यातील पहिला सोमेश्वर, ज्याला आहवमल्ल म्हणत, तो १०६८ साली वारला. असाध्य दुखण्याला कंटाळून त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. त्याच्यामागे थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर बसला. मधला विक्रमादित्य आणि धाकटा जयसिंह. मधला भाऊ लढवय्या होता, बापाच्या हयातीतच त्याने मोहिमा गाजविल्या होत्या. पुढे त्याच्या दरबारी आलेला काश्मिरी कवी बिल्हण आपल्या 'विक्रमांकदेवचरित' या काव्यात सांगतो की, बापाला युवराजपद विक्रमालाच द्यायचे होते. पण थोरल्याचा मान मोडू नये म्हणून विक्रमानेच ते नाकारले.

हे खरे असेल किंवा नसेल. बिल्हण हा जिंकलेल्या भावाचा कवी, त्याच्या पदरचे मीठ खाणारा. हे काव्य शेकडो वर्षे विस्मृतीत पडले होते. १८७४ साली ब्यूलर या जर्मन पंडिताला जेसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात त्याची पोथी मिळाली आणि विक्रमाची बाजू जगापुढे आली. थोरल्या सोमेश्वराची कैफियत मांडणारे असे काव्य उरले नाही. म्हणून बिल्हणाने थोरल्याला गर्विष्ठ आणि दुष्ट रंगविले आहे, ते आम्ही जसेच्या तसे घेणार नाही. परंतु एक गोष्ट त्या काव्यातून निश्चित कळते. थोरल्यापेक्षा धाकटा कर्ता आहे, ही चर्चा त्या घरात होती. एका मुलाला दुसऱ्याच्या देखत 'खरा कर्ता हाच' असे म्हटले गेले की वैराचे बी पडले. राजवाड्यात काय आणि चौसोपी वाड्यात काय, ते रुजायला वेळ लागत नाही.

सोमेश्वर गादीवर बसला तेव्हा तलवार निघाली नाही. विक्रमादित्य दक्षिणेकडील मुलूख सांभाळीत राहिला. वरवर थोरल्याचे स्वामित्व मान्य होते. आतून मात्र दोघेही आपापली माणसे जमवीत होते. विक्रमाने चोळराजा वीरराजेंद्राची मुलगी करून सासरचे बळ मिळविले. १०७० च्या सुमारास वीरराजेंद्र वारला, त्याचा मुलगा, म्हणजे विक्रमाचा मेहुणा, मारला गेला आणि चोळांच्या गादीवर कुलोत्तुंग आला. सोमेश्वराने लागलीच या कुलोत्तुंगाशी सूत जमविले. श्रोत्यांनी येथे थांबून विचार करावा. ज्या चोळांशी या भावांचा बाप जन्मभर लढला, त्याच चोळांची मदत आज दोघेही भाऊ एकमेकांविरुद्ध घेत होते! बापाचा वैरी परवडला, पण भाऊ नको, या थराला मन गेले होते. आठ वर्षे हे चालले. १०७६ साली उघड लढाई झाली, सोमेश्वर हरला आणि कैदेत पडला. त्यानंतर इतिहासात त्याचे नाव ऐकू येत नाही. विक्रमादित्याने राज्याभिषेक करवून घेतला, आपल्या नावाचा नवा संवत् सुरू केला आणि ११२६ पर्यंत पन्नास वर्षे मोठ्या वैभवाने राज्य केले.

पण गोष्ट येथे संपत नाही. थोरल्याविरुद्धच्या भांडणात धाकटा जयसिंह विक्रमाच्या बाजूने होता. त्याचे बक्षीस म्हणून त्याला वनवासीचा सुभा मिळाला. पुढे काही वर्षांनी हाच जयसिंह सैन्य जमवून कृष्णेच्या तीरावर विक्रमावर चालून आला. विक्रमाने त्याला समजावणीचे निरोप धाडले, असे बिल्हण सांगतो. त्यांचा उपयोग झाला नाही. लढाई झाली, जयसिंह हरला आणि पकडला गेला. आम्हांला यात नवल वाटत नाही. भावाला बाजूस सारून जागा मिळते, हा धडा जयसिंहाने मधल्या भावाबरोबर राहूनच घेतला होता. दुसऱ्याला शिकविलेली विद्या कधी तरी आपल्यावर उलटते.

आता ग्रंथाकडे वळू. याच विक्रमादित्याच्या कल्याणीत विज्ञानेश्वर नावाच्या संन्याशाने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याणी नगरीची आणि तिच्या राजाची स्तुती केली आहे. बंगालचा बराचसा भाग सोडला, तर हिंदुस्थानातील बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे झाल्या. कोलब्रुकने १८१० साली त्यातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर छापले आणि इंग्रजी न्यायालयांतही तोच प्रमाण ठरला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूने नव्हे, तर मुलाच्या जन्मानेच उत्पन्न होतो, हे या ग्रंथाचे मुख्य सूत्र.

आणि थोरल्याच्या जादा वाट्याचे काय? जुन्या स्मृतींत ज्येष्ठाला काही अधिक द्यावे अशी वचने आहेत. विज्ञानेश्वर ती वचने नाकारीत नाही. तो एवढेच म्हणतो की, शास्त्रात असले तरी लोकांना जे रुचत नाही ते आचरू नये. सर्वांना सारखेच वाटे द्यावेत. वाटणीच्या वेळी कोणी काही दडविले आणि मागाहून उघडकीस आले, तर तेही सारखे वाटावे. वाटणी झाली की नाही असा वाद पडला, तर भाऊबंद, साक्षीदार आणि लेख यांनी निर्णय करावा. वेगळे घर आणि वेगळे शेत हीदेखील खूण मानावी. संन्याशाला संसार नव्हता, पण संसारातली दडवादडवी त्याला पुरती ठाऊक होती!

राजाच्या भांडणावरून त्याला हे सुचले असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण दोन गोष्टी एकाच नगरीत शेजारी शेजारी उभ्या होत्या, हे खरे. राजाने गादीचा प्रश्न तलवारीने सोडविला, कारण गादीचे दोन वाटे होत नाहीत. संन्याशाने शेताचा प्रश्न लेखाने सोडविला, कारण शेताचे होतात. या बाबतीत सामान्य माणूस राजापेक्षा भाग्यवान म्हटला पाहिजे.

मग तरीही कुऱ्हाड का निघते? याचे उत्तर दुसऱ्या लढाईत सापडते, आणि ती आपल्या अधिक ओळखीच्या माणसांची आहे.

शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्यांची कर्नाटकातील जहागीर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या हाती राहिली. जिजाबाईंचे पुत्र शिवाजीराजे सह्याद्रीत स्वतःचे राज्य उभे करण्यात गुंतले होते. व्यंकोजींनी पुढे तंजावर घेतले. बापाच्या मिळकतीबद्दल दोघा भावांत समोरासमोर बोलणे झाले नाही, आणि अशी तेरा वर्षे गेली. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराज कोळेरून नदीपाशी तिरुवाडीस आले आणि त्यांनी भावाला भेटीस बोलाविले. भेट झाली, मेजवान्या झाल्या, आणि मग महाराजांनी पित्याच्या मिळकतीचा अर्धा वाटा मागितला. व्यंकोजींनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. एका रात्री ते गुपचूप नदी उतरून तंजावरास निघून गेले. महाराजांना याचे फार वाईट वाटले. आपण का भावाला कैद करणार होतो, असा त्यांचा सवाल होता.

महाराज परत फिरले आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये व्यंकोजींनी त्यांच्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. त्या फौजेचा सेनापती होता संताजी भोसले, म्हणजे शहाजीराजांचाच आणखी एक मुलगा. अशा रीतीने एका बापाची लेकरे रणात समोरासमोर आली. दिवसा व्यंकोजींची सरशी झाली. रात्री संताजीने उलट छापा घालून त्यांचा मोड केला.

कल्याणीच्या रिवाजाने पाहता पुढची पायरी कैदेची. तसे झाले नाही. महाराजांनी भावाला सविस्तर पत्र लिहिले. तेरा वर्षे सारी मिळकत तुम्ही एकट्याने खाल्ली, हे त्यात स्पष्ट आहे, आणि घरातल्या घरात कलह वाढवून दुःख मात्र पदरी येईल, हेही आहे. जे तिरुवाडीस तोंडाने नीट बोलले गेले नव्हते, ते आता कागदावर उतरले. मधे रघुनाथपंत हणमंते होते. त्यांनी दोन्ही भावांची चाकरी केली होती आणि दोन्ही घरे त्यांना आतून ठाऊक होती. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीला समेटाकडे वळविले, असे बखरी सांगतात. तह झाला. तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. आणि बंगळूरकडील मुलूख महाराजांनी आपल्या भावजयीला, दीपाबाईंना, चोळी-बांगडीसाठी दिला. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या घरी माहेरचा आहेर पाठवावा, तसे हे झाले!

त्यानंतर व्यंकोजी खिन्न झाले आणि त्यांचे कारभारावरून लक्ष उडाले, ही वार्ता रायगडास पोचली. तेव्हा महाराजांनी त्यांना लिहिलेले आणखी एक पत्र प्रसिद्ध आहे. विरक्ती धरून रिकामे बसू नका, पराक्रमाचे दिवस आहेत, उद्योग करा, असा त्याचा आशय. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज निवर्तले. म्हणजे अखेरच्या दिवसांतही ज्याच्याशी लढाई झाली त्या भावाच्या मनाची चिंता त्यांना होती.

दोन्ही लढाया शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत वर्षानुवर्षांचे मौन होते आणि दोन्हींत रक्त सांडले. फरक लढाईनंतरचा आहे. कल्याणीत भावांच्या मधे चोळ राजा होता, सेनानायक होते, आणि शेवटी एकाचेच गुण गाणारा कवी होता. तंजावरात मधे असा कारभारी होता ज्याला दोन्हीकडे मान होता, अशी सून होती जिला घर मोडू द्यायचे नव्हते, आणि मनातले सारे लिहून टाकणारा थोरला भाऊ होता. भावांमधे उभा राहणारा तिसरा माणूस कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, म्हणजे विज्ञानेश्वराने भावांना लावलेले माप आता बहिणीलाही लागू झाले. पण कायदा शेत मोजतो. कोणी किती वर्षे काय सोसले, आजारी बापाची उस्तवार कोणी केली, कोणाचे शिक्षण कोणाच्या कष्टावर झाले, हे तलाठ्याच्या दप्तरात कोठेही चढत नाही. तो हिशेब घरातच, आणि वेळीच, तोंडाने व्हावा लागतो.

म्हणून आम्ही म्हणतो, वाटणी करण्यात कमीपणा नाही. वेगळे होऊन सलोख्याने राहिलेले भाऊ एकत्र राहून धुमसणाऱ्यांपेक्षा बरे. मात्र मोजणीदाराची साखळी शेतात पडण्यापूर्वी एक दिवस भावांनी, आणि आता बहिणींनीही, दोन्ही बाजूंना मान असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मधे बसवून आपापल्या मनातले बोलून घ्यावे. आवाज चढतील, डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्यावे. तेवढे झाले, तर वळसंगच्या शिवारातला बांध हा नुसता बांध राहील, आणि नांगर वळवून घेताना एखादा भाऊ त्यावर टेकून पलीकडच्याला हाक मारील.