शेजार न सोडणारें घर

आमच्या वलवणच्या तलावाचें पाणी घाट उतरून खोपोलीस जातें. टाटांनीं उभारलेल्या तेथील केंद्रांतून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. ज्या शहराचीं यंत्रें आमच्या पाण्यानें चाललीं, तेथील कष्टकऱ्यांच्या वस्तीस आम्हीं परकें मानूं नये. म्हणून ह्या ज्युबिलीप्रसंगीं नागपाड्याची हकीकत सांगतों.

नागपाडा हा कामाठीपुऱ्याचा शेजार. वेश्याव्यवसाय, दारू व जुगार ह्यांच्या सावटाखालील ह्या वस्तींत अमेरिकन मराठी मिशनानें १९२६ सालीं ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ स्थापिलें. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले चालक. हें मिशन आमच्या पंथाचें नव्हे. तथापि त्याचा धडा आम्हांसहि घेण्याजोगा आहे. उपदेश करून परत फिरणें सोपें होतें. त्यांनीं मात्र तेथेंच ठाण मांडिलें. दवाखाना, वाचनालय व खेळ ह्यांचीं दारें हिंदु, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती अशा सर्वांस उघडीं ठेविलीं.

गुन्हे नाहींसे झाले नाहींत; कामाठीपुराहि हटला नाहीं. परंतु दहा वर्षांच्या ह्या चिकाटींतून, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्यानें, १९३६ सालीं त्याच घरांत समाजकार्याचें विद्यालय सुरू झालें. १९४४ पासून तें ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. मॅन्शार्ट १९४१ सालीं स्वदेशीं परतले. काम मात्र थांबलें नाहीं.

ज्या आळीस लोक नांवें ठेवितात, ती सोडून न जाणें ही सेवेची पहिली अट होय. आमच्या गांवींहि ती पाळण्याचें बळ प्रभु आम्हांस देवो.