अडीच हेक्टरचं जंगल

आमच्या अंबरनाथच्या आनंदनगरात कारखान्यांची आवारं बघून मी मोठा झालो, म्हणून हा आकडा लगेच डोळ्यांपुढे आला: २.५९ हेक्टर. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची राई एवढीच. इथे रानजायफळ, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका, पाणथळीत उभं आहे. श्वास घ्यायला मुळं चिखलाबाहेर काढून. हे झाड फक्त पश्चिम घाटातलं. अशा दलदली बऱ्याच ठिकाणी भातशेतीनं नि सुपारीच्या बागांनी गिळल्या. ही वाचली, कारण देवाच्या राईत कुऱ्हाड कोण घालणार? सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं २०२१ मध्ये. गाव पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवायच सांभाळत होतं. पण वरचा ओहोळ कुणी वळवला, तर? याचा बॅकअपही घेता येत नाही हो, बी वाळलं की रुजतच नाही.