साथ आणि सार्वजनिक ग्रंथालय

गांवांत साथ शिरली म्हणजे माणूस प्रथम माणसाला भितो आणि मग माणसानें हाताळलेल्या वस्तूला भितो. कपडा, भांडें, टपालानें आलेलें पत्र यांच्याबरोबरच एके काळीं हा संशय पुस्तकावर येऊन बसला. आणि तें पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयाचें असलें, तर तो दुणावत असे. साथीच्या दिवसांत लहानशा ग्रंथालयानें आपलें काम कसें चालवावें, या प्रश्नाचा इतिहास या संशयापासून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन गोष्टी एकाच वेळीं वाढीस लागल्या. इंग्लंडांत १८५० च्या कायद्यानें कराच्या पैशांतून मोफत ग्रंथालयें उभारण्याची मुभा नगरांना मिळाली आणि अमेरिकेंतहि अशीं ग्रंथालयें गांवोगांव निघूं लागलीं. त्याच सुमारास पाश्चर व कॉख यांच्या संशोधनानें रोगजंतूंचें ज्ञान झालें. क्षयाचा जंतु कॉखनें १८८२ सालीं दाखवून दिला. जो जंतु डोळ्यांना दिसत नाहीं तो कोठेंहि असूं शकेल, असें लोकांना वाटूं लागलें.

शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल विल्यम पूल यांच्याकडे १८७९ सालींच, पुस्तकांतून रोग पसरतो काय, अशी पृच्छा झाली होती. १८९५ सालीं ओमाहा येथील एक ग्रंथपाल स्त्री क्षयानें वारली, तेव्हां हा रोग तिला पुस्तकांतूनच जडला असावा, अशी चर्चा सुरू झाली. १९०० सालीं पेनसिल्व्हेनियांतील स्क्रँटन येथें स्कार्लेट ज्वराची साथ आली असतां ग्रंथालयाला पुस्तकें देणें थांबवावें लागलें. ब्रिटनमध्यें १९०७ च्या कायद्यानें, सांसर्गिक रोग झालेल्या माणसानें ग्रंथालयाचें पुस्तक नेणें हा गुन्हा ठरला. दंड ४० शिलिंगांपर्यंत होता. संशयित पुस्तकांना औषधी धुरी देणें, प्रसंगीं तीं जाळून टाकणें, हेहि उपाय योजले जात.

या भीतीचा रोख मुख्यतः मोफत ग्रंथालयावर होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तेथें मोलकरणीनें वाचलेली कादंबरी पुढच्या आठवड्यांत वकिलाच्या घरीं जाऊं शके. पुस्तकाचें भय हें बव्हंशीं त्याच्या आधींच्या अनोळखी वाचकाचें भय होतें. अखेर, रोज शेकडों पुस्तकें हाताळणारे ग्रंथपाल इतरांहून अधिक आजारी पडत नाहींत, ही साधी गोष्ट लोकांना पटली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही भीति ओसरूं लागली.

ती भीति पाश्चात्य देशांत जोरांत असतांनाच मुंबईला प्लेगनें ग्रासलें होतें. सप्टेंबर १८९६ मध्यें तो उघडकीस आला आणि माणसें लोंढ्यानें शहर सोडून गेलीं. उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. परंतु तें सर्वमान्य व्हावयास कांहीं वर्षें लागलीं. तोंवर घरांतील सामानसुमानहि संशयित मानलें जाई. अशा त्या दिवसांत, १ ऑगस्ट १८९८ रोजीं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. मृत्यूच्या छायेंतहि या शहरांतील मराठी माणसांनीं समाईक पुस्तकांचें एक घर मांडलें, ही गोष्ट लहान नव्हे.

१९१८ च्या इन्फ्ल्युएन्झानें प्रश्नाचें स्वरूप पालटलें. हा रोग श्वासांतून पसरणारा. त्यामुळें धोका मुख्यतः गर्दींत होता. अमेरिकेंतील अनेक नगरांत नाटकगृहें व शाळा यांच्याबरोबर ग्रंथालयांचीं दारेंहि बंद झालीं.

१०२ वर्षांनीं कोविडची साथ आली, तेव्हां पुस्तकावरचा जुना संशय पुन्हा जागा झाला. मात्र या वेळीं प्रयोगशाळेनें लवकर उत्तर दिलें. हा विषाणु पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकतो, असें मार्च २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. ग्रंथालयांतील कागद व वेष्टनें तपासतां तीन दिवसांनीं तो आढळला नाहीं, असें त्याच वर्षीं जूनमध्यें कळलें. परत आलेलीं पुस्तकें तीन दिवस बाजूला ठेवून मग फळीवर लावण्याची रीति कित्येक लहान ग्रंथालयांनीं उचलली. वाचकानें दूरध्वनीवरून पुस्तक सांगावें आणि तें दाराशीं ठेवलेल्या मेजावरून न्यावें, अशी व्यवस्था झाली. अमेरिकेंतील कांहीं ग्रंथालयांनीं इमारत बंद असतांहि इंटरनेटची बिनतारी सोय चालू ठेविली. घरीं ती नसलेलीं मुलें बाहेर मोटारींत बसून अभ्यास करीत. पुढें एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानें जाहीर केलें, कीं दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शानें संसर्ग होण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनहि कमी आहे.

महाराष्ट्रांत मार्च २०२० मध्यें बंद झालेल्या ग्रंथालयांना उघडण्याची परवानगी १५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली. ज्याच्या घरीं स्वतःचा संग्रह आहे, त्याचे ते सात महिने कसेबसे निभावले असतील. परंतु दोन खोल्यांत सहा माणसें राहतात अशा घरांतील विद्यार्थ्याला गांवच्या अभ्यासिकेंतील एक खुर्ची हेंच त्याचें विद्यापीठ असतें. ती त्या काळांत रिकामी राहिली.

गर्दी टाळणें आवश्यक होतें, आणि पुढेंहि साथींत तें करावें लागेल. पण खोली बंद करणें आणि पुस्तक बंद करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणसाच्या हातून आलेलें पुस्तक निःशंकपणें उघडावें, या विश्वासावर सार्वजनिक ग्रंथालय उभें असतें. साथ त्याच विश्वासावर घाला घालते. म्हणून तिच्या दिवसांत दाराशीं मांडलेलें तें लहानसें मेज पुष्कळ मोठें काम करीत असतें.