गेमिंग पीसी : मध्यम किमतीचा, जुळवून केलेला

सुटे भाग वेगवेगळे विकत घेऊन घरी किंवा दुकानात जोडलेला, मुख्यतः गेम खेळण्यासाठीचा संगणक. बोलीभाषेत 'असेंबल केलेला पीसी'. भारतात मॉनिटर वगळून साधारण ६०,००० ते १,००,००० रुपयांत होणाऱ्या संगणकाला मध्यम म्हणतात. पण भाव सतत हलतात, त्यामुळे 'मध्यम'चा अर्थ पडद्यावरून लावलेला बरा. नवे गेम १०८०पी पडद्यावर वरच्या सेटिंगला, किंवा १४४०पी पडद्यावर थोडी तडजोड करून, सेकंदाला ६० फ्रेमच्या खाली न घसरता चालवतो तो मध्यम.

एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटात बसतो, हे सुख इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मापांमुळे मिळाले. स्क्रूच्या भोकांच्या जागा तेव्हापासून जवळपास त्याच आहेत. जुन्या कॅबिनेटात नवा बोर्ड सहसा बसतो, अडते ते लांबलचक ग्राफिक्स कार्ड. महाराष्ट्रात या सुट्या भागांचा नावाजलेला बाजार म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पत्ता सांगताना ते क्वचितच कोणी वापरते.

भागांची निवड मॉनिटरपासून सुरू करावी. बहुतेक जण ती सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात आणि तिथेच हिशेब चुकतो. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख, फोरके वर ८३ लाखांच्या आसपास. म्हणजे १०८०पी वरून १४४०पी वर गेले की ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममागे पाऊणपटीहून अधिक जादा पिक्सेल रंगवावे लागतात. दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. गोष्ट सांगणारे गेम सावकाश खेळणाऱ्याने पैसे पिक्सेलवर घालावेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणूनही विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला, किंवा त्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला खोचलेली, अशी घरे वाटतात त्याहून बरीच आहेत.

ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत महागडा भाग. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के त्यावर गेले तर वावगे नाही. निवडताना नावावर जाऊ नये. २०१६ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आले. फरक नुसता मेमरीचा नव्हता. पहिल्यात १२८० कोअर होते, दुसऱ्यात ११५२, आणि नाव मात्र एकच. २०२५ मधली आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीची आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डेही ८ आणि १६ जीबी अशा दोन-दोन रूपांत मिळतात. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला माल बोर्डावरच्या रॅममधून ओढावा लागतो. सरासरी फ्रेमचा आकडा तेव्हाही चांगलाच दिसू शकतो, पण खेळताना मध्येच हिसके बसतात. चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १६ जीबीचे जादा पैसे सत्कारणी लागतात.

ज्यांना जुन्या बोर्डावर नवे कार्ड लावायचे आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काही कार्डे बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करायला सोळाऐवजी आठच लेन वापरतात. आरटीएक्स ५०६० टीआय त्यांतलेच. नव्या बोर्डावर याने काही बिघडत नाही. बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर मात्र वाट अरुंद होते, आणि त्यात कार्ड ८ जीबीचे असेल तर ते जास्तच बोचते. २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी मेमरी होती. अशा जुन्या बोर्डांवर त्याची पार दैना झाली.

प्रोसेसरबाबत मोह आवरावा. या वर्गाला सहा कोअर आणि बारा थ्रेड पुरतात. रायझन ५ ७६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ ही नेहमीची उदाहरणे. इंटेलच्या क्रमांकाशेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्ड बिघडले की पडदा काळा. प्रोसेसर बोर्डावर ज्यात बसतो ते सॉकेट मात्र विचारपूर्वक निवडावे. एएमडीने २०१६ मध्ये आणलेले एएम४ सॉकेट इतके टिकले की पहिल्या रायझनचे अनेक बोर्ड बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी चालवू शकले. एएम५ २०२२ मध्ये आले आणि ते फक्त डीडीआर५ रॅम घेते. इंटेलच्या एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ चेही असतात आणि डीडीआर५ चेही. खोबण वेगळी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक नको. १६ जीबीवर भागते, ३२ असेल तर निवांत. पट्टीवर ६००० छापलेले असले तरी बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी हा पर्याय चालू केल्याशिवाय तो वेग मिळत नाही. साठवणीसाठी एम.२ एनव्हीएमई एसएसडी घ्यावी, १ टीबीची.

एसएमपीएस हा वीज पुरवणारा भाग आपल्याकडे वर्षानुवर्षे कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळत आला, म्हणून त्याला वेगळे पैसे मोजणे जिवावर येते. अशा डब्यावर ४५० किंवा ५०० वॉट लिहिलेले असते. खरा आकडा लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात सापडतो, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः तिथूनच वीज घेतात. तिथले अँपिअर गुणिले बारा, इतकाच डबा कामाचा. ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉट घेते, रायझन ५ ७६०० जोरात चालला तर ८८, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. बेरीज साडेतीनशेच्या आतच राहते. तरी कार्डाचे क्षणिक झटके याहून बरेच वर जातात, म्हणून ५५० ते ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा वरच्या दर्जाचा एसएमपीएस घेतात. ८० प्लस हे शिक्के वीज किती वाया जाते ते सांगतात. आतले कपॅसिटर किती टिकतील, हे सांगत नाहीत. भारनियमनाच्या गावात यूपीएस लागतोच. तो खऱ्या साइन वेव्हचा असलेला बरा, कारण आजच्या एसएमपीएसमधल्या पीएफसी सर्किटचे स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीशी नेहमी जमतेच असे नाही. वीज गेली की यूपीएस चालू आणि पीसी बंद, हा प्रकार त्यातून होतो.

कॅबिनेट निवडताना पुढच्या काचेला भुलू नये. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद काचेमागचे कार्ड वेग उतरवून स्वतःला सांभाळते. पुढे जाळी, पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढे पुरते. जाळीमागचा धुळीचा फिल्टर काढून धुता यावा.

जुन्या मालाचा बाजार मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग बंद केले आणि अहोरात्र राबलेली कार्डे विक्रीला आली. अशा कार्डाची चिप बहुधा शाबूत असते. झिजतात ते पंखे आणि वाळते ती थर्मल पेस्ट, दोन्ही बदलता येतात. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र जुने घेऊ नयेत. जुना एएम४ प्रोसेसर घेताना तो उजेडात तिरका धरून खालच्या १३३१ पिनांच्या रांगा सरळ आहेत का ते पाहतात. एएम५ मध्ये पिना बोर्डावरच्या सॉकेटात गेल्या, त्यामुळे हीच तपासणी तिथे बोर्डाची करावी लागते, आणि वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरत नाहीत.