शिक्षणशास्त्राच्या उच्च पदवीचे दोन रस्ते

मुलगा किंवा मुलगी बी.एड. झाली की आपल्या मंगळवार पेठेतील बहुतेक घरांत शिक्षण पुरे झाले असे मानतात. आता एम.एड. कशाला, असे पालक विचारतात. प्रश्न गैर नाही. संसाराचा खर्च कोणाला चुकला आहे? तरी या वाटेने पूर्वी कोण गेले, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम समाजाची शिक्षणसंस्था स्थापन करविली व अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. तेव्हा मुले शाळेत यावीत, हीच मोठी चिंता होती. शिकवावे कसे, हा अभ्यास पुढच्या पिढीच्या वाट्यास आला. त्या पिढीतले ख्वाजा गुलामुस सय्यदैन यांचा जन्म पानिपतचा, १९०४ चा. अलीगढहून ते इंग्लंडात लीड्स विद्यापीठात गेले ते वकिली वा डॉक्टरकीसाठी नव्हे, तर शिक्षणशास्त्राच्या एम.एड. साठी. त्या काळी हे धाडसच म्हणायचे. परतल्यावर ते अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३७ साली वर्धा येथील परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली मूलोद्योग शिक्षणाची समिती नेमली गेली, तीत ते विनोबांसमवेत सभासद होते. पुढे मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागारही झाले.

दुसरा रस्ता आपल्याच जिल्ह्यातला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक (जन्म १९०७) यांच्यापाशी परदेशी पदवी नव्हती. स्वातंत्र्यचळवळ, तुरुंग आणि धारवाडकडची खेडी हीच त्यांची शाळा. पण गंमत अशी की परदेशी पदवीवाचून मोठ्या झालेल्या या गृहस्थानेच १९४८ साली मुंबईत शिक्षणशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली. ती १९७६ साली पुण्यास आली. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक या विषयात डॉक्टरेट मिळवून अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात संशोधनास गेल्या. मुलीला एवढे शिकवून काय करायचे, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

१९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगावर सय्यदैन सभासद होते आणि नाईक सभासद-सचिव. लीड्स आणि बहिरेवाडी एका मेजाशी बसले! आयोगाचा अहवाल १९६६ साली आला.

आज इतक्या दूर जावे लागत नाही. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तत्पूर्वी पदवीसाठी पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. एम.एड. आता दोन वर्षांचे असून प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. मात्र अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने विभाग स्वतः पाहून यावा. ग्रंथालयात बसावे, जुने लघुप्रबंध मागून चाळावेत, मार्गदर्शक कोणत्या विषयात काम करतात ते विचारावे. शिकणाऱ्या मुलींशी पालकांनीही बोलावे. फी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची चौकशी त्याच फेरीत करून घ्यावी, म्हणजे दुसऱ्यांदा रजा काढावी लागत नाही.