अँड्रॉइड स्मार्टफोनमधील ग्राफिक्स ड्रायव्हरचा इतिहास (२००८–२०२५)

१

स्मार्टफोनचा वेग कशावर अवलंबून असतो असा प्रश्न केला असता प्रोसेसर आणि मेमरी ह्या दोहोंचा निर्देश सामान्यतः केला जातो. विक्रेत्यांच्या जाहिरातींतही ह्याच दोन गोष्टींचे आकडे ठळक छापलेले असतात. परंतु एकच ग्राफिक्स प्रोसेसर असलेले दोन फोन एकच खेळ चालविताना निरनिराळा वेग दाखवितात. तसेच एखादा फोन, त्याच्या यंत्रभागात काहीही फरक झालेला नसताना, प्रणालीच्या नव्या आवृत्तीनंतर अधिक चांगला अथवा अधिक वाईट चालू लागतो. ह्या अनुभवाचा पुरता उलगडा त्या आकड्यांवरून होत नाही. फोन तापल्यावर वेग उतरणे यासारखी अन्य कारणे त्यात असतात हे खरे. तथापि प्रोसेसर आणि उपयोजने यांच्या मधोमध असलेल्या एका थराचाही त्यात मोठा वाटा असतो. तो थर म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर होय.

हा थर कोणी लिहिला, त्याची मूळ संहिता कोणाच्या हाती राहिली आणि दुरुस्त झालेली प्रत वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत पोचविण्याचा अधिकार कोणाला होता, ह्या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने त्याचा इतिहास पाहिला म्हणजे अँड्रॉइड फोनच्या वेगाचा, आणि त्याच्या आयुष्याचाही, बराचसा खुलासा होतो.

२

इतिहासाकडे वळण्यापूर्वी ड्रायव्हरचे कार्य थोडक्यात ध्यानी घेणे इष्ट आहे. उपयोजन लिहिणारा मनुष्य ग्राफिक्स प्रोसेसरची अंतर्गत आज्ञाभाषा जाणत नाही. क्रोनोस ह्या उद्योगसंघाने ठरविलेल्या ओपनजीएल ईएस अथवा व्हल्कन ह्या सर्वमान्य संकेतांप्रमाणे तो आपली मागणी मांडतो. त्या मागणीचे विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांत भाषांतर करणे हे ड्रायव्हरचे काम. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रत्येक उपयोजनाच्या आतच भरला जातो. भाषांतर तो करतो, आणि प्रकाश, रंग इत्यादींची गणिते सांगणाऱ्या शेडर नामक लहान आज्ञावल्यांचे संकलनही तोच करतो. दुसरा भाग लिनक्स कर्नलमध्ये वसतो. मेमरीची वाटणी, कामांची रांग आणि विजेचे नियमन ही त्याची कामे होत.

सेकंदाला ६० वेळा ताजे होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्रचौकटीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. तो चुकला की जुनीच चौकट पुन्हा दिसते आणि डोळ्यांना धक्का जाणवतो. ड्रायव्हर ह्या अवधीवर चार प्रकारे परिणाम करतो. प्रत्येक मागणी तपासण्यात मुख्य प्रोसेसरचा किती वेळ जातो, ही पहिली गोष्ट. शेडरचे भाषांतर किती काटकसरीने होते, ही दुसरी. एकाच गणितासाठी एक ड्रायव्हर दुसऱ्यापेक्षा अधिक आज्ञा खर्च करू शकतो. संकलन केव्हा होते, ही तिसरी. खेळ ऐन रंगात असताना नवे शेडर संकलित करावे लागले तर चित्र क्षणभर अडखळते, आणि म्हणूनच संकलित प्रती साठवून ठेवण्याची सोय केली जाते. चौथी गोष्ट मोबाइल प्रोसेसरच्या रचनेशी निगडित आहे. हे प्रोसेसर बहुधा पडद्याचे लहान लहान चौकोन पाडून एकेक चौकोन स्वतःच्या अंगच्या छोट्या मेमरीत पुरा करतात, कारण बाहेरच्या मेमरीशी देवघेव करण्यात वीज फार खर्च होते. ही देवघेव जितकी टाळता येईल तितकी बॅटरी टिकते व फोन थंड राहतो.

३

अँड्रॉइडवरील पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ च्या ऑक्टोबरात बाजारात आला. त्यात क्वालकॉमची ५२८ मेगाहर्ट्झची चिप होती. आरंभीच्या ह्या काळात निरनिराळ्या खिडक्या एकत्र जुळविण्यासाठी ग्राफिक्स प्रोसेसरचा उपयोग होत असे. परंतु खिडकीच्या आतील अक्षरे, बटणे व चित्रे मुख्य प्रोसेसरच रेखाटीत असे. ड्रायव्हर सदोष असला तरी त्याचा फटका मुख्यतः खेळांना बसे.

२०११ साली ही स्थिती पालटली. त्या वर्षी टॅब्लेटसाठी निघालेल्या अँड्रॉइड ३.० मध्ये साध्या द्विमितीय रेखाटनाचे कामही ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपविण्याची व्यवस्था झाली, आणि अँड्रॉइड ४.० मध्ये नव्या उपयोजनांसाठी तीच रूढ पद्धत ठरली. पुढील वर्षी अँड्रॉइड ४.१ मध्ये रेखाटनाचा ताल पडद्याच्या स्पंदनाशी जुळविण्यात आला व तिसऱ्या राखीव चौकटीची योजना झाली. ह्या सुधारणांनी फोन अधिक सुरळीत चालू लागले, हे निःसंशय. परंतु त्यांचा एक परिणाम असा की, संपर्कयादी सरकविण्यासारखे साधे कामही आता ड्रायव्हरच्या गुणदोषांवर विसंबू लागले.

हे ड्रायव्हर लिहिणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या. ब्रिटनमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचे पॉवरव्हीआर हे घराणे जुने. ब्रिटनच्याच आर्म कंपनीने नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील फॅलँक्स ही लहान कंपनी २००६ मध्ये विकत घेतली, आणि तेथूनच माली हे घराणे पुढे आले. क्वालकॉमने २००९ च्या जानेवारीत एएमडीचा हातातील यंत्रांसाठीचा ग्राफिक्स विभाग ६.५ कोटी डॉलरना घेतला. तिच्या प्रोसेसरचे ॲड्रीनो हे नाव एएमडीच्या रेडिऑन ह्या नावातील अक्षरांची उलटापालट करून झालेले आहे. चौथी कंपनी एनव्हिडिया. ह्यांपैकी आर्म आणि इमॅजिनेशन केवळ आराखडे विकतात. चिप दुसरी कंपनी करते व फोन तिसरी. ह्या लांब साखळीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

४

लिनक्स कर्नलचा परवाना असा की, त्यात मिसळून वितरित केलेल्या भागाची मूळ संहिता प्रसिद्ध करावी लागते. त्यामुळे ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग कंपन्यांनी उघडा केला; भाषांतर व संकलन करणारा मुख्य भाग मात्र बंदिस्त ठेवला. ही विभागणी कायद्याला धरून असली तरी व्यवहारात तिने एक पेच उत्पन्न केला. क्वालकॉमच्या कर्नल-भागाला मुख्य लिनक्स कर्नलमध्ये स्थान मिळावे असा प्रस्ताव २०१० मध्ये आला असता, ग्राफिक्स विभागाचे व्यवस्थापक डेव्हिड एअर्ली यांनी बंदिस्त भागावर विसंबणारे असे ड्रायव्हर स्वीकारण्यास नकार दिला. ज्या जोडणीचे दुसरे टोक कोणालाच पाहता येत नाही, तिची सुरक्षितता तपासता येत नाही आणि तिच्यात पुढे बदलही करता येत नाहीत, असा ह्या भूमिकेचा आशय होता. परिणामी फोनमधील ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या बाहेरच वाढत राहिले, आणि प्रत्येक फोन ज्या कर्नल-आवृत्तीवर जन्मला तिच्याशीच बहुधा जखडला गेला.

गॅलक्सी नेक्ससचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. २०११ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या ह्या फोनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप व तीत पॉवरव्हीआर प्रोसेसर होता. २०१२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्मार्टफोन-चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतले व सुमारे १,७०० पदे कमी केली. २०१३ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइड ४.४ निघाले तेव्हा हा फोन वगळण्यात आला. गूगलने त्याचे कारण १८ महिन्यांची मुदत संपल्याचे दिले, आणि ते खोटे म्हणण्यास आधार नाही. तथापि चिप करणाराच निघून गेल्यावर बंदिस्त ड्रायव्हरची नवी प्रत देणारा स्वाभाविक धनी उरत नाही, हेही तितकेच खरे. यंत्र शाबूत असूनही त्याचा काळ संपला.

५

बंदिस्त संहिता मिळत नसेल तर ती नव्याने लिहावी, असा मार्ग काही अभ्यासकांनी पत्करला. २०१२ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्स येथील परिषदेत लुक व्हरहेगन यांनी माली प्रोसेसरसाठी लिमा हा उपक्रम जाहीर केला. त्याच वर्षी रॉब क्लार्क यांनी ॲड्रीनोसाठी फ्रीड्रीनोचे काम पुढे आणले. नंतरच्या पिढीच्या मालीसाठी ॲलिसा रोझेन्झ्वाइग व त्यांचे सहकारी यांनी पॅनफ्रॉस्ट रचला.

त्यांची पद्धती अज्ञात लिपीच्या वाचनासारखी होती. एक लहान चाचणी-उपयोजन लिहावयाचे, बंदिस्त ड्रायव्हर त्यावरून कर्नलकडे कोणते अंक पाठवितो ते टिपून घ्यावयाचे, मग उपयोजनात एकच गोष्ट बदलून कोणता अंक पालटला ते पाहावयाचे. अशा असंख्य नोंदींवरून प्रोसेसरची आज्ञाभाषा हळूहळू उलगडत गेली. फ्रीड्रीनोला अनुरूप असा कर्नल-भाग २०१३ मध्ये लिनक्स ३.१२ त आला. लिमा व पॅनफ्रॉस्ट यांना २०१९ च्या जुलैत लिनक्स ५.२ मध्ये स्थान मिळाले.

ह्या श्रमांचा लाभ प्रथम फोनपेक्षा साध्या लिनक्स-यंत्रांनाच अधिक झाला. फोनवर त्यांचा प्रवेश एका आडवाटेने झाला. ड्रायव्हरचा भाषांतर करणारा भाग उपयोजनाच्या आत भरला जातो हे वर आलेच आहे. २०१९ पासून आकारास आलेला टर्निप हा ॲड्रीनोचा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर क्वालकॉमच्या कर्नल-भागाशीही बोलू शकतो. म्हणून जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणारी काही उपयोजने फोनच्या मूळ ड्रायव्हरला हात न लावता टर्निप स्वतःबरोबर आणू लागली. त्याच फोनवर, त्याच चिपवर, पूर्वी चुकीची उमटणारी दृश्ये काही खेळांत नीट उमटू लागली. दोष यंत्राचा नसून भाषांतराचा होता, ह्याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

६

गूगलचे प्रयत्नही याच काळातले आहेत. त्यांचा रोख मात्र संहिता उघडी करण्याकडे नसून थर वेगळे करण्याकडे होता. २०१४ मध्ये तिने फिनलंडमधील ड्रॉएलिमेंट्स ही ड्रायव्हरची परीक्षा घेणारी कंपनी घेतली व तिच्या चाचण्या अँड्रॉइडच्या अधिकृत कसोटीत समाविष्ट केल्या. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधनातून निघालेला ग्राफिक्सफझ हा उपक्रमही तिने घेतला. अर्थ न बदलता शेडरचे रूप बदलीत जावयाचे आणि चित्र बदलले तर संकलक चुकला असे समजावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. ज्या कंपन्यांचे ड्रायव्हर त्याने तपासले त्या सर्वांत दोष आढळले.

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७.० बरोबर व्हल्कनला स्थान मिळाले. ओपनजीएल ईएसच्या ड्रायव्हरवर असलेला तपासणीचा व मेमरीच्या हिशेबाचा पुष्कळसा भार व्हल्कनने उपयोजनकर्त्यावर टाकला; ड्रायव्हर तितकाच हलका झाला. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८.० ने चिप-कंपन्यांची संहिता वेगळ्या विभागात ठेवून प्रणालीशी तिची जोडणी स्थिर केली, जेणेकरून ड्रायव्हर न बदलताही प्रणाली बदलता यावी. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने ड्रायव्हरचा उपयोजनांत भरला जाणारा भाग प्ले स्टोअरमधून बदलण्याची सोय केली. पण प्रत्यक्षात अशा प्रती थोड्याच फोनांसाठी निघाल्या. अखेर २०२५ च्या मार्चमध्ये व्हल्कन ही अँड्रॉइडची अधिकृत ग्राफिक्स-भाषा असल्याचे गूगलने घोषित केले. ओपनजीएल ईएस ही अँगल ह्या मुक्त भाषांतर-थराच्या द्वारे व्हल्कनवर चालवावी, अशी दिशाही ठरली.

७

ह्या सुधारणांनंतरही कोणता प्रश्न शिल्लक राहिला, ते २०२२ साली उघड झाले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो ह्या सुरक्षा-संशोधन गटाला मालीच्या कर्नल-भागात पाच दोष आढळले. आर्मने ते जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्त केले. परंतु नोव्हेंबरमध्ये तपासले असता गूगलच्या स्वतःच्या पिक्सेलसह अनेक कंपन्यांच्या फोनांत ती दुरुस्ती पोचलेली नव्हती. दोष सापडला होता आणि उपायही तयार होता. साखळीतील मधल्या दुव्यांतून तो पुढे सरकला नव्हता. जी वाट सुरक्षेच्या दुरुस्तीला एवढी दीर्घ ठरते, तीच वाट वेगाच्या दुरुस्तीलाही चालावी लागते.

चिप-आराखड्यांच्या कंपन्यांची भूमिकाही दरम्यान सैल होत गेली. इमॅजिनेशनने २०२२ मध्ये आपल्या नव्या प्रोसेसरांसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. नव्या मालीसाठीचा पँथर २०२४ मध्ये लिनक्स ६.१० त समाविष्ट झाला. तथापि दुकानात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य अँड्रॉइड फोनांत कंपन्यांचे बंदिस्त ड्रायव्हरच असतात.

सारांश, २००८ पासूनच्या ह्या घडामोडींवरून एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. चिप विकत घेणाऱ्याला तिच्या सामर्थ्याची कमाल मर्यादा मिळते. त्या मर्यादेपर्यंत तो किती पोचेल आणि किती वर्षे पोचत राहील, हे ड्रायव्हरच्या दुरुस्तीची सत्ता ज्यांच्या हाती आहे ते ठरवितात. ती सत्ता सतरा वर्षांत चिप-कंपन्यांकडून थोडीशी प्रणालीकर्त्याकडे आणि थोडीशी स्वतंत्र अभ्यासकांकडे सरकली आहे. फोनच्या मालकाकडे ती अद्याप फारच अल्प प्रमाणात आलेली आहे.