कारभाऱ्यांची शपथ

जुबिलीच्या या मंगल वर्षी देवळाच्या कारभारी मंडळात नवे सभासद येत आहेत. ज्या कामास ते हात घालणार, त्याचा पूर्वेतिहास त्यांस ठाऊक असावा, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

देवळाच्या पैशाचा हिशेब मागणे ही आजची रीत नव्हे. १७ सप्टेंबर १५६२ रोजी त्रेंतच्या धर्मपरिषदेने कारभाऱ्यांस, मग ते धर्मगुरू असोत वा प्रापंचिक, दरसाल बिशपांपुढे हिशेब देण्यास बांधून घेतले. १९१७ च्या धर्मसंहितेने कारभार हाती घेण्यापूर्वी शपथ व मालमत्तेची सहीनिशी यादी आवश्यक ठरविली. १९८३ च्या संहितेने तो नियम राखून प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमितीही नेमून दिली. सरकारचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदाही विश्वस्त बदलताच ९० दिवसांत धर्मादाय कचेरीस कळवावे, असे सांगतो.

इगतपुरीस घाट चढून आगगाडी १८६५ साली आली; १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. धर्मप्रांत बदलतो, धर्मगुरू बदलतात. यादी आणि वही तेवढी मागे राहते.

रोमच्या मंडळीचा खजिना सांभाळणाऱ्या संत लॉरेन्सने २५८ साली, खजिना मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गोरगरीब उभे केले, अशी परंपरा आहे. तेव्हा बंधुभगिनींनो, प्रत्येक आकड्यामागे विधवेची दमडी पाहा. जो आकडा उमगला नाही, त्यावर आमच्या भिडेखातर सही करू नका; आम्हांस विचारा. आम्हीही त्याच हिशेबास बांधलेले आहो.